काँक्रीट ओतण्याआधी फोन: घर बांधताना बिल्डिंग कंट्रोलच्या तपासण्या कशा ठरवाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये प्लॉट घेऊन तुम्ही दोघं स्वतःचं दुमजली घर बांधताय. प्लॅनिंग परमिशन मिळाली आहे, बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे होतंय का हे तपासणाऱ्या यंत्रणेकडचा, अर्ज अजून नक्की झालेला नाही, आणि बिल्डरला दोन आठवड्यांनी पाया खणायचा आहे. तो म्हणतो, "इन्स्पेक्शनचं माझ्यावर सोडा." तुमचं विचारणं असं की इन्स्पेक्टरला बोलवायचं कोणी, कुठल्या टप्प्याला, किती आधी, आणि ते आलेच नाहीत तर काम थांबवायचं का. ओघात तुम्ही हेही लिहिलंय की मागच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं विलोचं मोठं झाड आहे. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. त्याकडे येतेच.

मी १९ वर्षं इथे घरांच्या साइट सांभाळते. एवढ्या काळात इन्स्पेक्शन नापास झालं म्हणून डोक्याला हात लावलेली माणसं मी थोडीच पाहिली. इन्स्पेक्शन झालंच नाही म्हणून हात लावलेली बरीच. नापास झालेलं काम त्याच दिवशी सुधारता येतं. न दाखवता झाकलेलं काम आधी उघडावं लागतं, मग दाखवावं लागतं, आणि मग परत झाकावं लागतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण बांधकामात उलटी लागू पडते. म्हणून वेळापत्रक करताना "हे काम कधी संपेल?" असं विचारू नका. "हे काम कधी झाकलं जाईल?" असं विचारा. तपासणीची वेळ या दोन्हींच्या मध्ये असते, आणि ही फट कधीकधी जेमतेम अर्ध्या दिवसाची असते.

आता बिल्डरचं "माझ्यावर सोडा". चांगला बिल्डर फोन करतोच, आणि त्यानंच करावा, कारण खंदक किती वाजता तयार होईल हे त्याला माहीत असतं. पण घर तुमचं आहे. नियमांविरुद्ध काम झालं तर ते काढून टाकण्याची किंवा बदलण्याची नोटीस कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, मालकावर बजावू शकते, आणि बिल्डर तोवर दुसऱ्या गावात दुसरं घर बांधत असतो. पूर्वी ही नोटीस काम झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत काढावी लागे. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर ती मुदत १० वर्षं झाली आहे. तेव्हा बिल्डरला शांतपणे सांगा: फोन तुम्ही करा, पण प्रत्येक बुकिंगचा आणि प्रत्येक भेटीनंतरचा ईमेल मला आला पाहिजे. इन्स्पेक्टरच्या फाइलमध्ये तुमचा ईमेल पहिल्या दिवशीच घालून घ्या. यावर आढेवेढे घेणारा बिल्डर असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं.

दुसरा एक गैरसमज इथेच काढून टाकते. इन्स्पेक्टर म्हणजे तुमचा सुपरवायझर नाही. ते ठरलेल्या टप्प्यांवर येतात, समोर दिसतं ते बघतात, आणि जातात. विटांची रेष सरळ आहे का, टाइल्सचे सांधे नीट आहेत का, हे त्यांचं काम नाही. भिंत वाकडी पण मजबूत असेल तर ते काहीही बोलणार नाहीत. रोजच्या कामावर नजर हवी असेल तर त्यासाठी पैसे देऊन वेगळा माणूस ठेवावा लागतो.

तुमच्या हातात दोनच आठवडे आहेत, म्हणून अर्जाचं आधी बोलू. प्लॅनिंग परमिशन आणि बिल्डिंग कंट्रोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही. बिल्डिंग कंट्रोलला दोन दारं आहेत. एक कौन्सिलचं. दुसरं खासगी संस्थांचं. त्यांना पूर्वी अप्रूव्हड इन्स्पेक्टर म्हणत, आता रजिस्टर्ड बिल्डिंग कंट्रोल अप्रूव्हर म्हणतात. खासगी दारानं गेलात तर तुमची आणि त्यांची मिळून एक इनिशियल नोटीस कौन्सिलकडे जाते आणि ती नाकारायला कौन्सिलला कामाचे ५ दिवस असतात. ती स्वीकारली जाण्याआधी कुदळ मारायची नाही. कौन्सिलच्या दारानं गेलात तर दोन प्रकार: फुल प्लॅन्स, म्हणजे नकाशे आधी तपासून घेणं, किंवा बिल्डिंग नोटीस, म्हणजे नकाशे न तपासता थेट साइटवर बघणं. फुल प्लॅन्सचा निर्णय द्यायला कौन्सिलला ५ आठवडे असतात, तुमच्या संमतीनं ते २ महिन्यांपर्यंत नेता येतात. अख्ख्या नव्या घरासाठी मी बिल्डिंग नोटीस कधीच सुचवत नाही. त्यात चूक नकाशावर सापडत नाही, ती खंदकात सापडते. नकाशावरची चूक खोडरबरानं जाते, खंदकातली जेसीबीनं.

निर्णय यायच्या आत काम सुरू करता येतं का? फुल प्लॅन्सचा अर्ज दाखल झाला असेल आणि सुरुवातीची सूचना दिली असेल तर येतं, पण ती जोखीम तुमची. पायासाठी मी ती घेणार नाही. निर्णय येईपर्यंत बिल्डरला पुढे ढकला. तो कुरकुर करेल, करू दे.

सुरुवातीच्या सूचनेची मुदत छोटी आहे: काम चालू करण्याआधी कौन्सिलला किमान २ कामाचे दिवस कळवायचं. याखेरीज ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक सूचना आली आहे आणि तिचा बऱ्याच बिल्डरांना अजून पत्ता नाही. साध्या घराच्या बाबतीत पाया आणि तळमजल्याच्या पातळीचं बांधकाम पूर्ण झालं की कायद्याच्या भाषेत काम "सुरू झालं" असं धरतात, आणि त्या टप्प्यानंतर ५ दिवसांत ते कळवावं लागतं. ३ वर्षांत हा टप्पा गाठला नाही तर मंजुरी संपते. म्हणजे एक सूचना खणण्याआधी, दुसरी जोत्यापर्यंत आल्यावर. दोन्ही डायरीत लिहून ठेवा.

टप्प्यांची यादी कुठल्या तरी वेबसाइटवरून उतरवून घेऊ नका. प्रत्येक कार्यालय तुमच्या कामाची जोखीम बघून स्वतःची यादी देतं. ती लेखी मागा. साधारणपणे तीत पायाचे खंदक, जोतं आणि ओलावा रोखणारा थर, जमिनीखालचं काँक्रीट, ड्रेनेज, मजल्याच्या तुळया, छपराचा सांगाडा, इन्सुलेशन, प्लास्टरबोर्ड लावण्याआधीची अवस्था आणि शेवटची पूर्णत्वाची भेट असते. काही टप्पे एकत्र केलेले असतात. बुकिंग किती आधी करायचं हेही तिथेच विचारा. बरीच कार्यालयं आदल्या दिवशीच्या ठरावीक वेळेपर्यंत नोंदणी मागतात, काहींचं सगळं ऑनलाइन चालतं. सकाळ की दुपार एवढंच सांगतात, घड्याळाची वेळ सहसा मिळत नाही.

आता पाया, आणि तुमचं विलो.

तुमच्या पायाखाली चिकणमाती असेल, आणि इंग्लंडच्या आग्नेय भागात ती असण्याची शक्यता मोठी, तर ती माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळी महिन्यांत फुगते. झाड तिच्यातलं पाणी ओढून घेतं तेव्हा हे आकसणं खोलवर जातं. विलो, पॉप्लर, ओक ही इथल्या मानानं सर्वांत तहानलेली झाडं. नव्या घरांची हमी देणाऱ्या एनएचबीसीच्या मानकांत असा हिशेब आहे की अशा झाडाचा परिणाम त्याच्या पूर्ण वाढलेल्या उंचीच्या सव्वापट अंतरापर्यंत धरायचा. वीपिंग विलोची पूर्ण उंची त्यांच्या तक्त्यात १६ मीटर आहे, म्हणजे २० मीटरपर्यंत तुमचा पाया त्याच्या कक्षेत. आज झाड ८ मीटरचं दिसतंय म्हणून ८ धरायचे नाहीत. आणि नुकतंच कुणी तोडलं असेल तर प्रश्न मिटत नाही, उलटा होतो: पाणी ओढणारं कुणी उरलं नाही म्हणून माती फुगते आणि पाया वर ढकलते.

नियमांच्या मार्गदर्शनात चिकणमातीत पट्टीच्या पायाची खोली कमीत कमी ७५० मिलिमीटर धरलेली आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवातच १ मीटरपासून होते, आणि झाड जवळ असेल तर ती २ मीटरच्या पुढे सहज जाते. अडीच मीटरच्या खाली गेलं तर एनएचबीसीची मानकं इंजिनिअरचं डिझाइन मागतात. इन्स्पेक्टर खंदकाच्या काठावर उभे राहतात, तळाची माती बघतात, बोटाएवढी मुळं दिसली की म्हणतात, "अजून ३०० खाली जा." हे ऐकायची तयारी ठेवा. तुमच्या घराच्या खंदकाची एकूण लांबी समजा ४० मीटर आणि रुंदी ६०० मिलिमीटर असेल, तर त्या ३०० मिलिमीटरनं ७ घनमीटरहून जास्त काँक्रीट वाढतं. एका भरलेल्या गाडीत साधारण ६ घनमीटर मावतं. म्हणजे एका वाक्यात एक गाडी आणि वर थोडं. वर काढलेली माती कुठे टाकायची हा आणखी एक खर्च.

म्हणून पाया खणण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. झाडाची जात आणि तुमच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजून नकाशावर लिहा. शेजाऱ्यांशी बोलून झाड किती जुनं आहे तेही विचारा. आणि मातीची चाचणी करून घ्या. त्या अहवालावर इंजिनिअर खोली ठरवून देईल, आणि इन्स्पेक्टर येतील तेव्हा चर्चा "किती खोल?" अशी न होता "ठरल्याप्रमाणे आहे का?" एवढीच राहील.

तपासणीच्या दिवसाचं गणित असं. काँक्रीटची गाडी सकाळी साडेसातची आणि इन्स्पेक्टर "सकाळी कधीतरी" असं ठरलं, तर तुम्ही भांडणाची वेळ ठरवली आहे. रेडीमिक्स, म्हणजे गाडीतून तयार येणारं काँक्रीट, काही तास वाट बघत नाही. उतरवायला मोजकी मिनिटं देतात, पुढे थांबण्याचे पैसे लागतात आणि माल आपल्या गतीनं घट्ट होत जातो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका साइटवर अगदी हेच झालं. मी तेव्हा सहायक होते. गाडी दारात, इन्स्पेक्टर दुसऱ्या साइटवर अडकलेले, वर काळे ढग. बिल्डरनं ओतून टाकलं. दुपारी इन्स्पेक्टर आले, आवाज न चढवता म्हणाले की मी काही पाहिलं नाही, त्यामुळे मला काही माहीत नाही. मग भिंतीच्या बाहेरून चार ठिकाणी खड्डे खणून पायाची खोली दाखवावी लागली, आणि एका कोपऱ्यात तो कमी निघाला. तिथे खालून काँक्रीट भरायला लागलेले दिवस मी अजून विसरले नाही. तेव्हापासून माझी सवय: तपासणी सकाळी, काँक्रीट त्याच दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीचं बुकिंग आधी करून ठेवायचं, पण इन्स्पेक्टरचा होकार आल्यावरच पक्कं करायचं.

खंदक मात्र फार काळ उघडा ठेवायचा नाही. पाऊस पडला तर तळ चिखल होतो, कडक ऊन पडलं तर चिकणमाती सुकून तडकते, बाजू ढासळतात. पास झालेला खंदक रात्रभर पाण्यात राहिला तर तो पास उरत नाही. तळ साफ करून परत दाखवावा लागतो. आणि आधार न दिलेल्या खोल खंदकात फोटो काढायला उतरू नका. वरून काढा. हे मी प्रत्येक मालकाला सांगते आणि दर वर्षी कुणीतरी उतरतंच.

पायानंतरचे जोत्यापर्यंतचे टप्पे तुलनेनं सरळ आहेत. ओलावा रोखणारा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर, आणि फरशीखालचं प्लास्टिक त्याला नीट जोडलेलं. इथे लोक चुकतात ते नंतर, अंगण उंच करून तो थर मातीखाली गाडतात.

ड्रेनेजवर थोडं थांबते, कारण ते दोनदा दाखवायचं असतं असं समजून चाला. पाइप टाकून झाल्यावर, वर खडी-माती यायच्या आत, उतार आणि सांधे बघतात. नंतर सगळं बुजवून झालं की शेवटी पाणी किंवा हवा भरून गळती तपासतात. पहिली भेट चुकली तर दुसरी पास होऊनसुद्धा उताराचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. शिवाय घर सार्वजनिक गटाराच्या ३ मीटरच्या आत येत असेल तर पाणी कंपनीची वेगळी परवानगी लागते. ती बिल्डिंग कंट्रोलचे लोक काढून देत नाहीत, तुम्ही काढायची असते, आणि तिला वेळ लागतो.

भिंती चढत असताना इन्स्पेक्टर फारदा येत नाहीत, आणि नेमकं याच काळात सगळ्यात जास्त गोष्टी कायमच्या झाकल्या जातात. दोन भिंतींमधली पोकळी, तीत बसवलेलं इन्सुलेशन, दोन भिंतींना एकत्र धरणारे टाय, खिडक्यांवरचे पाणी बाहेर काढणारे ट्रे. इथे तुमचा फोन कामाला येतो, आणि तो हौसेखातर नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या पार्ट एलनुसार, म्हणजे नियमांच्या ऊर्जाबचतीच्या भागानुसार, प्रत्येक नव्या घरासाठी इन्सुलेशनचे आणि सांध्यांचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागतात: पाया, फरशी, भिंती, छप्पर, खिडक्या-दारांच्या कडा, सगळे झाकण्याआधीचे. फोटोत तारीख आणि ठिकाण नोंदलेलं हवं, म्हणून फोनचं लोकेशन चालू ठेवा. एक लांबून, एक जवळून, आणि इन्सुलेशनच्या वेष्टनावरचं लेबल वाचता येईल असा एक. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं दर शनिवारी साइटवर जाऊन फोटो काढायचा नेम ठेवला होता. पोकळी बुधवारी बंद झाली. शनिवारी त्यांच्या हाती विटांचे फोटो लागले. बिल्डरच्या माणसांपैकी एकाला हे काम नेमून द्या आणि रोज संध्याकाळी फोटो मागवा.

छपराच्या सांगाड्याला आणि पोलादी तुळयांना एकच नियम: बोर्ड लागायच्या आत. तुळईचं इंजिनिअरनं केलेलं गणित साइटवर छापून ठेवा. इन्स्पेक्टर तुळईचा आकार, तिच्या टोकाखालचा दगड आणि भिंतीला छप्पर बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या बघतात. आगीपासून संरक्षणाचे बोर्ड नंतर लागतात, पण ते कसे लावणार हे त्याच भेटीत विचारून घ्या. प्लास्टरबोर्ड लावणारी टोळी ठरलेल्या दिवशी दाराशी येते आणि त्यांना थांबवणं काँक्रीटच्या गाडीइतकंच कठीण असतं. त्यांच्या तारखेच्या किमान ३ दिवस आधी ही भेट लावा, म्हणजे एखादी पट्टी राहिली असेल तर लावायला वेळ मिळतो.

आता इन्स्पेक्टर आलेच नाहीत तर. आधी कार्यालयाला फोन करा, अंदाजानं बसू नका. कधीकधी बुकिंगच नोंदलेलं नसतं. त्या दिवशी येणं शक्य नसेल तर विचारा की फोटो किंवा व्हिडिओ चालतील का. काही कामांना चालतात, काहींना नाही, आणि पायाला मी तो आग्रह धरणार नाही. "हो, ओता" असं फोनवर सांगितलं तर लगेच ईमेल टाका: आज इतक्या वाजता आपण बोललो, अमुक टप्पा फोटोवरून मान्य केलात, फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर येवो न येवो, नोंद तुमच्याकडे राहते. आणि काहीच ठरलं नाही तर झाकायचं नाही. शेजारच्या भिंतीचं, साफसफाईचं, दुसरं कुठलंही काम करा.

बिल्डिंग कंट्रोलखेरीज तुमच्या साइटवर आणखी दोन प्रकारची माणसं येतील: दहा वर्षांची हमी देणाऱ्या कंपनीचा तपासनीस, आणि टप्प्याटप्प्यानं कर्ज सोडणाऱ्या बँकेचा मूल्यमापक. नावं सारखी वाटतात, पण एकाची भेट दुसऱ्याची मानली जात नाही. एकाच गटाची संस्था बिल्डिंग कंट्रोल आणि हमी ही दोन्ही कामं करत असली तरी आधी विचारा. जमेल तिथे खंदकाच्या दिवशी इन्स्पेक्टर आणि हमीचा तपासनीस दोघांनाही बोलवा. खंदक एकदाच उघडा असतो.

शेवटची भेट म्हणजे कागदांची भेट. विजेचं प्रमाणपत्र, गॅस असेल तर गॅस सेफची (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीची) नोंद, हवाबंदपणाची चाचणी, पंखे आणि हीटिंग चालू करून दिल्याच्या नोंदी, पाणीवापराचा हिशेब, ऊर्जा प्रमाणपत्र. एकदा इलेक्ट्रिशियन शेवटचा हप्ता घेऊन गेला की त्याच्याकडून कागद काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. प्रमाणपत्र हातात आल्यावरच तो हप्ता द्या. काम संपल्यापासून ५ दिवसांत पूर्णत्वाची सूचना द्यायची असते आणि आता तिच्यासोबत तुमचं, मुख्य डिझायनरचं आणि मुख्य कंत्राटदाराचं असं प्रत्येकाचं सहीचं निवेदन लागतं की काम नियमांप्रमाणे झालं आहे. ही नावं सुरुवातीलाच लेखी ठरवा. घर तयार होऊन बिल्डरशी वाजलेलं असताना त्याची सही मागायला जाणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पूर्ण होण्याआधीच राहायला जाणार असाल तर तेही ५ दिवस आधी कळवावं लागतं.

पूर्णत्वाचं प्रमाणपत्र आलं की घड्याळ सुरू होतं. स्वतः बांधलेल्या घरावरचा व्हॅट एचएमआरसीकडून, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून, परत मागायला घर पूर्ण झाल्यापासून ६ महिने मिळतात, आणि पूर्णत्वाचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. पावत्यांची फाइल आणि तपासण्यांची फाइल शेजारी शेजारी ठेवा.

आणि उद्या सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, टेप घेऊन कुंपणापासून घराच्या मागच्या भिंतीच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. झाडाचा, पानांचा आणि बुंध्याचा फोटो काढून इंजिनिअरला पाठवा. विलो नक्की कुठल्या जातीचं आहे यावर आकडा बदलतो. क्रॅक विलो असेल तर पूर्ण उंची २४ मीटर धरतात, म्हणजे कक्षा ३० मीटर. अंतर इथे कळवलंत तर पुढचं बोलू.